कुशाबा मुकादम आणि कठड्यावरची काळी

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे जाणारा आंबेनळीचा घाट चढू लागलं की निम्म्या वाटेवर एक अवघड वळण येतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि दरीच्या कडेने माणसाच्या कमरेइतका दगडी कठडा. गोष्ट सन तीसच्या आसपासची आहे. त्या काळी हा कठडा पांढराशुभ्र ठेवण्याची जबाबदारी कुशाबा उतेकराच्या शिरावर होती. वळणाच्या वर रानात धारेची वाडी म्हणून पाचपन्नास माणसांची वस्ती होती, तिथलाच तो. हुद्दा मुकादमाचा. हाताखाली दोन गडी, आणि गडी शेतावर गेले की त्याची बायको ठमाबाई.

हुद्दा लहान असला तरी कुशाबाचा रुबाब लहान नव्हता. रस्त्याच्या खात्याविषयी तो नव्या नवरीने सासरविषयी बोलावं तसा बोलायचा. आमच्या खात्यात असं चालत नाय, आमच्या खात्यात तसं चालतं. वाडीत घरटी एकजण मुंबईच्या गिरणीत होता. कुशाबाचा मेहुणा भिकू हाही तिथेच. शिमग्याला भिकू डोक्यावर टोपी आणि तोंडात चार इंग्रजी शब्द घेऊन यायचा आणि चारचौघांत विचारायचा, "दाजी, दगडाला चुना लावून लावून किती दिस काढनार? चला की मुंबैला. कम आन!"

"मी सरकारी मानूस हाय," कुशाबा म्हणायचा आणि पागोटं सारखं करायचा.

हे अर्धंच खरं होतं. कुशाबा सरकारी होता, पण हंगामी. त्याने मुकादमकी धरली तेव्हा जन्मलेली पोरं आता गुरं राखत होती, आणि कुशाबा अजून हंगामीच होता. कायम झालेल्या मुकादमाला पितळी बिल्ला मिळे, म्हातारपणी पेन्शन मिळे, आणि मुख्य म्हणजे त्याला कोणी 'चला की मुंबैला' म्हणत नसे. खात्याचा नियम असा होता की अमुक वयापुढच्या माणसाला कायम करायचं नाही, आणि कुशाबाचं ते वय येत्या पावसाळ्यात भरत होतं. म्हणजे हे शेवटचं साल. यंदा बिल्ला मिळाला नाही तर पुढचं सगळं त्याला लख्ख दिसत होतं. लालबागेत भिकूची खोली, भिकूची खाट, खाटेखाली आपण, आणि वरून अष्टौप्रहर भिकूचं बोलणं. 

बिल्ल्याच्या आड येत होती ती कठड्यावरची काळी.

पावसाळ्यात घाटातला प्रत्येक दगड काळा पडतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही. दसरा उलटला की घासायचं, चुना लावायचा, साहेबलोकांच्या मोटारी उन्हाळ्यात महाबळेश्वरी जायच्या आत आणखी एक हात द्यायचा, एवढाच रिवाज होता. पण गेली काही सालं हिशेबच बिघडला होता. चुना वाळतो न वाळतो तोच त्यावर मिरीएवढे काळे ठिपके दिसायचे. ठिपक्यांची मोहरीच्या फोडणीसारखी पखरण व्हायची, आणि बघता बघता अख्खा कठडा तव्याचं पालथं अंग वाटायचा. वाडीने तिला नाव दिलं काळी. "काळी आली का हो मुकादम?" असं लोक पाहुण्याची चौकशी करावी तसे विचारायचे.

खात्याचे ओव्हरसियर होते पोंक्षे. खाकी अर्धी विजार, डोक्यावर सोलाची टोपी, काखेत इंग्रजी पुस्तिका. पोंक्षे वाईट नव्हते. त्यांना एकच खोड होती, जे छापलेलं असेल ते खरं मानायची. त्यांनी काळीचा ठिपका नखाने खरवडला, भिंगातून पाहिला आणि जाहीर केलं, "ही बुरशी आहे. शास्त्रीय उपायांपुढे बुरशी टिकत नाही."

पहिला शास्त्रीय उपाय मोरचुदाचा. निळे खडे पाण्यात विरघळवून कठड्याला पाजले. कठडा मोरासारखा निळा झाला. कुशाबाची नखं निळी झाली ती होळीपर्यंत निळीच होती. कठड्यावरचं शेवाळ मेलं, गोगलगायी मेल्या, फटींतले मुंगळे गाशा गुंडाळून गेले. काळीही दिसेनाशी झाली. पोंक्ष्यांनी वर कळवलं, उपाय लागू पडला. ते पत्र मुंबईला पोचलं असेल-नसेल, इकडे ठिपके हजर. उलट पूर्वी तिला शेवाळाशी, दगडफुलाशी जागेसाठी भांडावं लागत होतं. आता सगळे शेजारी सरकारनेच मारून दिल्यामुळे कठडा तिला एकटीला आंदण मिळाला.

दुसऱ्या साली फिनेल आलं. घाटात असा वास सुटला की पोलादपूरच्या बाजाराला जाणारी बैलं वळणावर पाय रोवून उभी राहायची. तिसऱ्या साली एक पिंप आलं, त्यावर कवटीचं चित्र. त्यातल्या पाण्याने कुशाबाच्या तळहाताची सालं निघाली आणि एका गड्याचा खोकला चैत्रापर्यंत हटला नाही. काळी आठ दिवस जरा फिकट दिसली. मग तिने तब्येत सुधारली.

आता कुशाबाची करामत सांगायला हवी, नाहीतर सगळा दोष पोंक्ष्यांच्या माथी जाईल.

नुसता चुना अंगाला लागतो. कुशाबाच्या आधी या वळणावर सयाजी नावाचा मुकादम होता. कोणा साहेबाची मडम दरी बघायला उतरली, काळा रेशमी झगा घालून कठड्याला टेकली, आणि वळली तेव्हा तिची पाठ चुन्याने माखलेली होती. सयाजीची मुकादमकी सांजेपर्यंत टिकली नाही. ती धडकी कुशाबाच्या मनात कायमची बसली. काही सालांपूर्वी त्याने युक्ती काढली. चुन्यात तांदळाची घट्ट पेज कालवायची. पेजेने चुना दगडाला असा धरून राहतो की कोपर टेका, पाठ टेका, कपड्याला कण लागत नाही. नाचणीची पेज चालत नाही, तिने कठडा मळकट दिसतो. तांदळाचीच हवी.

पण डोंगरातल्या वाडीला तांदूळ म्हणजे पाहुण्याचं, आजाऱ्याचं आणि बाळंतिणीचं अन्न. रोजचं पोट नाचणीवर आणि वरीवर. तेव्हा कुशाबाने फर्मान काढलं की चुना लावायच्या दिवसांत प्रत्येक घराने एकेक पळी तांदळाची पेज आणून द्यायची, सरकारी हुकूम आहे. असा हुकूम सरकारला स्वप्नातही माहीत नव्हता. म्हाताऱ्या राहीबाईने पळी देता देता विचारलं, "ठमे गो, सरकार पेज खातंय व्हय?"

"सरकार नाय गो आत्ये," ठमाबाई म्हणाली, "सरकारचा कठडा खातोय."

बाईने बोलून टाकलं आणि कोणी लक्ष दिलं नाही. खुद्द तिनेही नाही. पुढे औषधं जसजशी जहाल झाली तसतसा त्यांच्या दणक्याने चुना सुटू लागला, आणि चुना सुटू नये म्हणून कुशाबा पेज वाढवू लागला. दवा खात्याची आणि पथ्यपाणी कुशाबाचं. अशी बडदास्त वाडीत कोणा जावयाचीही होत नसेल. काळी दिवसेंदिवस बाळसं धरत होती आणि कुशाबा दिवसेंदिवस वाळत होता.

औषधं थकली तेव्हा, म्हणजे या शेवटच्या सालात, पोंक्ष्यांनी नवी पुस्तिका वाचली. त्यात थंडीचं माहात्म्य होतं. "मुंबईत मासे बर्फात का ठेवतात? थंडीत जंतू मरतात म्हणून. ही बुरशी उष्ण हवेत माजली आहे. तिला बर्फात घालून पाहू." घाट बर्फात घालता येत नव्हता म्हणून कठड्यातला एक दगड पहारीने उपटला, त्यावर तांबड्या रंगाने नंबर घातला, आणि तो महाबळेश्वरच्या एका साहेबी हॉटेलात बर्फाच्या पेटीत ठेवण्याचा लेखी हुकूम काढला.

दगड नेणार कोण? कुशाबा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर काळा दगड, असा तो घाट चढू लागला. वाटेत लोक हात जोडून विचारायचे, "कंचा द्येव म्हनायचा?" पहिल्यांदा त्याने खरं सांगितलं की हा सरकारी नमुना आहे. पण त्यावर प्रत्येकाला बसवून समजावावं लागे आणि तोवर मान मोडायची वेळ येई. शेवटी तो नुसता "हां" म्हणू लागला. एका म्हातारीने दगडाला कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि पोराला नोकरी लागू दे म्हणून गाऱ्हाणं घातलं. कुशाबाने मनातल्या मनात आपलंही घालून घेतलं. वर पोचल्यावर पोंक्ष्यांनी दगड तपासून टिपून घेतलं की नमुन्यावर लाल डाग नव्याने उद्भवले आहेत.

हॉटेलचा खानसामा पेटीचं झाकण धरून उभा राहिला. "लोण्याशेजारी दगड? तोही रस्त्यातला?" पण हुकूम लेखी होता. दगड आत गेला. एका अंगाला लोणी, दुसऱ्या अंगाला सुरमई, मध्ये धारेच्या वाडीची काळी. पहाऱ्याला कुशाबाला ठेवलं, कारण खानसाम्यावर पोंक्ष्यांचा विश्वास नव्हता. पौषाचे दिवस होते. महाबळेश्वरी पहाटे गवतावर पांढरं पडायचं. तबेल्यात, एका घोंगडीत, कुशाबा दातांवर दात वाजवत पडायचा. थंडीची परीक्षा दोघांची चालली होती, पण त्याच्या तब्येतीची नोंद घ्यायला कोणी आलं नाही.

आठवड्याने दगड बाहेर काढला. थंडगार, घाम फुटलेला, निपचित. पोंक्ष्यांनी विजयाने हात चोळले. त्याच हॉटेलात पुण्याचे एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हवापालटाला उतरले होते, त्यांना त्यांनी मुद्दाम बोलावून आणलं. प्राध्यापकांनी दगडावर ओलं फडकं टाकून तो खिडकीत उन्हाला ठेवला आणि म्हणाले, "थांबा जरा." थांबण्यात दिवस गेले. मग एका सकाळी दगडावर नव्या ठिपक्यांची पखरण होती. प्राध्यापक लग्नघरातल्या मामासारखे हर्षले.

"मेली नव्हतीच हो ती! निजली होती. थंडी वाढली की ही आतल्या आत साखरेसारखं काहीतरी साठवत असावी, म्हणजे पेशी गोठून फुटत नाहीत. माझा अंदाज आहे हा. आणि हा काळा रंग म्हणजे हिचं घोंगडं. ऊन, गारठा, औषध, सगळं त्यावर झेलते. मोरचूद म्हणाल तर असल्या काही जाती ते अंगावरच अडवून ठेवतात, आत जाऊच देत नाहीत. ओव्हरसियरसाहेब, तुम्ही तिला मारत नव्हता. तुम्ही तिला तालीम देत होता."

शेवटची दोन वाक्यं पोंक्ष्यांनी ऐकली नाहीत, कारण प्राध्यापक पुढे म्हणाले की ही जात नवी दिसते, तिला नाव द्यायला हवं, आणि नमुना ज्यांनी पुरवला त्यांचंच नाव देण्याची पद्धत आहे. नाव ठरलं. पुढचा भाग लॅटिन, मागचा भाग पोंक्ष्यांचा. दगड डोक्यावरून आणणारा दाराशी उभा होता, पण पद्धतीत चुंबळीचा उल्लेख नव्हता.

घाट उतरताना कुशाबा स्वतःशी पुटपुटत होता. औषध द्या, बर्फात घाला, ती हटत नाही. निजते, उठते, पुन्हा कामाला लागते. त्याला तिचा चक्क हेवा वाटला. ती कोणाच्या हुकमाने कायम झाली नव्हती.

फाल्गुनात बातमी आली. मुंबईचे मोठे इंजिनेरसाहेब चैत्राअखेर महाबळेश्वरहून मोटारीने घाट उतरणार, वळणावर थांबणार, आणि कायम करायच्या माणसांच्या यादीवर पोलादपूरच्या बंगल्यात सही करणार. पोंक्षे म्हणाले, "कुशाबा, त्या दिवशी कठडा दुधासारखा दिसला तर तुझं नाव मी स्वतः पुढे करीन. एक ठिपका दिसला तर माझाही इलाज नाही."

कुशाबा धावत वाडीवर आला आणि अंगणातूनच ओरडला, "ठमे, मडकं चढव! या टायमाला डबल पेज पायजे!"

ठमाबाई चुलीपाशी होती. त्यांची एकुलती लेक शकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आतल्या खोलीत चार दिवसांचा नातू होता. कणगीत तांदूळ तळाला गेला होता. ठमाबाईने पळी खाली ठेवली आणि ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"लेक नाचणीचं आंबील पिनार नि कठडा तांदळाची पेज पिनार? असला सरकारी जावय माझ्या दारात नको. पेज शकूला जानार."

"ठमे, माझ्या बिल्ल्याचा सवाल हाय गो."

"माझ्या लेकीच्या दुधाचा सवाल हाय."

कुशाबाने आवाज चढवला, मग उतरवला, मग हात जोडले. आतून नातू रडला आणि वाद तिथेच संपला. बातमी विहिरीवर गेली. दुसऱ्या दिवशी राहीबाईने मडक्यावर झाकण घातलं, तिच्यामागोमाग सगळ्या बायांनी घातलं. सरकारी हुकमाला वाडीत कोणी विचारेना.

नाइलाजाने कुशाबाने कठडा घासून काढला आणि नुसता चुना लावला. रोज सकाळी तो वळणावर जायचा, आज ठिपके आले असतील म्हणून. ठिपके नव्हते. आठवडा गेला, नव्हते. पंधरवडा गेला, चैत्र लागला, कठडा आपला बगळ्यासारखा पांढरा. त्याने दगडादगडाला नाक लावून पाहिलं. मग घरी येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "ठमे, काळी येत नाय गो. औषध नाय, बरफ नाय, तरी नाय. ह्ये काय समजावं?"

"त्यात काय समजायचंय?" ठमाबाई नातवाला तेल लावत होती. "पेजंचं मडकं न धुता ठेवा नि बघा त्यावर काय येतंय त्ये. कुनाच्याबी चुलीपाशी जावा, हेच हाय. कठड्याला पेज पाजायचं बंद केलंत, ती उपाशी ऱ्हायली."

"आन इतकी वर्सं तू बोलली नाय?"

"तुमी कवा इचारलंत? तुमी सरकारी मानूस."

कुशाबाने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. त्याला भयंकर लाज वाटली. लेकराबाळांच्या तोंडचा तांदूळ मागून आणून आपण आपल्याच हाताने काळी पोसली, तिला चाटून-पुसून वाढवली, आणि वर लोकांना ऐट दाखवली. त्याला वाडीतून खाली मान घालून चालावंसं वाटलं. पण लाजेच्या मागोमाग दुसराच घोर लागला. कठडा पांढरा होता खरा, पण पेजेवाचूनचा. हात लावला की हात पांढरा. सयाजी आणि मडमेचा झगा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. म्हणजे पेज घाला तर कठडा काळा, न घाला तर साहेब पांढरा.

तो दिवस उजाडला. साहेब जिथे हटकून टेकतात, तिथे कुशाबाने आपल्या दोन्ही गड्यांना कठड्याला पाठ लावून, छाती काढून उभं केलं आणि तिसरा आपण उभा राहिला. मोटार थांबली. मोठे साहेब उतरले, मागोमाग पोंक्षे, अंगात ठेवणीतला काळा लांब कोट. साहेबांनी काठीने इशारा केला, तिघांना बाजूला व्हावं लागलं. आणि साहेबांनी दोन्ही कोपरं कठड्यावर ठेवून आपला सगळा भार दरीच्या दृश्यावर टाकला.

कुशाबाने डोळे मिटले. उघडले तेव्हा साहेब सरळ उभे राहून कोपरं झटकत होते, पण झटकण्याजोगं काही दिसत नव्हतं. साहेबांचा पोशाख नखशिखांत पांढऱ्या ड्रिल कापडाचा होता. पोंक्षे मात्र अदबीने मागे सरकता सरकता कठड्याला टेकले होते आणि त्यांची काळी पाठ कमरेपासून मानेपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी झाली होती. साहेबांनी ती पाहिली आणि मनमुराद हसले. पोंक्षेही हसले, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मग बोलणं झालं ते इंग्रजीत. कुशाबाला त्यातलं 'गुड' तेवढं कळलं, आणि ते पुष्कळदा आलं. साहेबांनी काठीने कठडा दाखवला, मग कुशाबाला दाखवलं, काहीतरी विचारलं. पोंक्षे क्षणभर घुटमळले आणि त्यांनी मान हलवली. साहेबांनी पुन्हा 'व्हेरी गुड' म्हटलं आणि मोटार पोलादपुराकडे उतरली.

"साहेब खूष आहेत," पोंक्षे जाता जाता म्हणाले.

कुशाबाला आणखी काय हवं होतं? त्या सांजेला त्याने वाडीत घरोघर गूळ वाटला. राहीबाईच्या पाया पडला. शकूच्या लेकाला मांडीवर घेऊन म्हणाला, "तुझा आजा कायम झाला रं!" ठमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने उरलेल्या तांदळाचा भात घातला, आणि भिकूला कोणाकडून निरोप धाडावा यावर दोघं हसत बसली.

बिल्ला आला नाही. मृगाच्या तोंडावर पोंक्षे आले आणि त्यांनी वळणावर उभं राहून हुकूम वाचून दाखवला, मराठी करून. शास्त्रीय उपायांनी आंबेनळी घाटातील बुरशीचा समूळ नाश झालेला आहे. सबब कठड्याच्या देखभालीसाठी मुकादमाची जरूर उरलेली नाही, ती जागा कमी करण्यात येत आहे. ओव्हरसियर पोंक्षे यांना बढती देण्यात येत आहे.

"म्हंजी मी कायम का नाय?" कुशाबाने विचारलं.

"अरे, तूच काम इतकं चोख केलंस की काम उरलंच नाही," पोंक्षे म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग हात रुमालाला पुसला.

पाऊस पडला, भात कापला गेला, दसरा आला. मुंबईला जायचं ठरलं. शकू सासरी गेली होती, ठमाबाई शेत बघणार होती, भिकूचा निरोप आला होता की दाजी, खाटेखाली जागा करून ठेवली आहे. कुशाबा गाठोडं घेऊन ठमाबाईबरोबर घाटात उतरला, वळणावर आला आणि जागच्या जागी थबकला. अख्खा कठडा काळाकुट्ट झाला होता. एक पळी पेज कोणी घातली नव्हती. पेज तिला आवडत होती, पण पेजेवाचून तिचं अडत नव्हतं.

"आली गो!" कुशाबा ओरडला. त्याने गाठोडं टाकलं आणि हरवलेलं वासरू घरी यावं तसा कठड्यावरून हात फिरवला. "ठमे, आली! आता मला बोलीवत्यात का नाय बघ. आता काम हाय!"

दोघं तिथेच बसली. दुपारी खात्याची लॉरी वर आली. पुढे पोंक्षे, नव्या हुद्द्याच्या नव्या टोपीत. कुशाबा रस्त्यात आडवा झाला.

"साहेब, काळी आलीया. सगळा कठडा भरलाया. पेज घालू नका, मी सांगतो कसं करायचं त्ये. मला घ्या, म्हैन्यात दुधासारखा करून दावतो."

पोंक्ष्यांनी कठड्याकडे पाहिलं. मग पुढच्या रस्त्याकडे पाहिलं. "कुठे आहे काळी?"

"ही काय, साहेब." कुशाबाने बोट ओढून दाखवलं. बोट काळं झालं.

"ओल आहे ती."

"वल पुसली जाती साहेब. ही नाय जात."

"कुशाबा," पोंक्षे आवाज खाली आणून म्हणाले, "तिचा नाश झाल्याचा अहवाल गेला आहे. त्यावर मोठ्या साहेबांची सही आहे. माझी बढती त्यावर आहे. ती इथे असू शकत नाही."

कुशाबाने बोट धोतराला पुसलं, ते काळंच राहिलं. ठमाबाईने त्याला मागून ओढलं, तो हलला नाही.

"बरं साहेब," तो म्हणाला, "मंग मी तरी हितं हाय का नाय, येवढं कागदात बघून सांगा."

त्यात थट्टा होती की विनवणी, ते पोंक्ष्यांना कळलं नाही. ते कागदावर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. त्यांनी मांडीवरची फाइल उघडली, घाटाच्या माणसांचं पान काढलं, आणि वरपासून खालपर्यंत नीट बोट फिरवलं.

"नाहीस," ते म्हणाले, आणि लॉरी सुरू करायला सांगितली.